'महापौर' शब्दातला 'पौर' म्हणजे कोण?

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१५ जानेवारी २०२६ ला आत्याला महापालिकेच्या मतदानाला घेऊन गेलो होतो. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून अ, ब, क, ड अशी चार मतं. बाहेर आल्यावर बोटाची शाई बघत ती म्हणाली, "चारी बटनं दाबले रे, पण महापौराचं बटन कुठं होतं?" महापौर मेंबर लोक सभागृहात निवडतात, असं सांगितलं तर तिला पटेना. "पैठणच्या नणंदेनं तर डिसेंबरात अध्यक्षाचं बटन दाबलं की!" दोघींचंही खरं आहे, पैठणला नगरपरिषद आहे आणि तिथं नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडला. पण मग 'महापौर' म्हणजे नेमकं कोण? आणि त्याला 'निवडणूक' हा शब्द लावावा का?

अंबाजोगाई
आधी व्युत्पत्ती. पुर म्हणजे नगर, पुरात राहणारा तो पौर. शिवापासून शैव, तसंच हे. 'पौरजन' जुन्या मराठीत सर्रास भेटतात. म्हणजे पौर हा सत्ताधारी नव्हे, साधा रहिवासी. त्यांच्यातला थोर तो महापौर. इंग्रजीतल्या मेयरच्या मुळाशी लॅटिनमधला 'मोठा' आहे, त्यात गावकरी कुठंच नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेल्या शब्दांपैकी हा मला फार आवडतो, कारण त्यात माणूस आधी नागरिक आहे. बंगालीत तर मेयरला सरळ 'महानागरिक' म्हणतात. स्त्रीलिंगी रूप वेगळं करू नये. 'त्या महापौर झाल्या' एवढं पुरतं.

जालना
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आमच्याकडं काय झालं ते ऐका. २०१६ ला जालन्यात नगरपरिषद होती आणि नगराध्यक्ष आम्ही थेट मतदानानं निवडला. २०२३ ला महानगरपालिका झाली. पाट्या बदलल्या, नगराध्यक्षाचा महापौर झाला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले. आणि आमचं एक मत गेलं. शब्द मोठा झाला, मतदार लहान झाला. लोकांना वाटतं महापौर म्हणजे नगराध्यक्षाच्या वरचा, म्हणून अधिकारही जास्त. प्रत्यक्षात कारभाराची सूत्रं कायद्यानं आयुक्तांकडं आहेत. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात, मुदत अडीच वर्षं. रस्ता उखडला, नळाला पाणी नाही, की लोक महापौराच्या दारात जातात, सही मात्र आयुक्तांची लागते. २०२६ ला तर मतदान १५ जानेवारीला आणि महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत २२ जानेवारीला. मत देताना ते पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हेही आम्हाला माहीत नव्हतं. याला 'महापौराची निवडणूक' म्हणणं मला खोटं वाटतं.

नांदेड
'निवड' आणि 'निवडणूक' हा फरक पाळायलाच हवा. जनता करते ती निवडणूक, सभागृह करतं ती निवड. बातम्यांत 'महापौर निवडणुकीचा बिगुल' असं येतं तिथंच घोळ होतो. जाता जाता, नांदेडात उर्दू बोलणारे जुने लोक पालिकेला 'बलदिया' म्हणतात. अरबी 'बलद' म्हणजे शहर, म्हणजे तिथंही मूळ कल्पना शहराचीच. 'मेंबर' मात्र मराठी, उर्दू दोन्हीकडं सारखाच. नगरसेवक कागदावर, मेंबर गल्लीत.

सिडको
नांदेडकरांचा फरक मी आजपासून पाळणार. जालनेकरांचं दुःख मला कळतं, कारण आमच्याकडं एप्रिल २०२० पासून जवळजवळ सहा वर्षं महापौरच नव्हता, प्रशासक होते. त्या काळात पाण्याच्या तक्रारीसाठी आत्या झोन ऑफिसात जायची आणि 'अर्ज ठेवून जा' ऐकून परतायची. मेंबर असता तर निदान त्याच्या ओट्यावर बसून भांडता आलं असतं, असं ती आजही म्हणते. 'पौर' चा अर्थ सांगितल्यावर तिनं दोनदा विचारलं, "म्हंजे मीबी पौरच ना?" हो म्हटलं. मग तिनं तो शब्द शेजारच्या काकूंना सांगितला, थोडा चुकीचा, 'पवर' असा.