शब्दचर्चा : टायटॅनियमचे ‘कण बारीक करणे’

धंतोलीकर :
दातांच्या इम्प्लांटवरचा एक मराठी लेख तपासायला घेतलाय. त्यातलं वाक्य बघा : ‘तीव्र विरूपणाद्वारे कण बारीक करून नॅनो टायटॅनियमचे सामर्थ्य वाढवले जाते.’ घरी दोघांना वाचून दाखवलं. दोघंही म्हणाले, म्हणजे धातूची पूड करतात आणि ती दाबून स्क्रू बनवतात. ग्रेनला ‘कण’ सोडून काही शब्द आहे का? डिफॉर्मेशनला, म्हणजे बळ लावून आकार बदलण्याला, ‘विरूपण’ म्हटलंय, तेही मला खटकतंय.

हिंगणा एमआयडीसी :
पूड नाही जी! सळई अख्खी आत जाते, अख्खीच बाहेर येते. बारीक होतात ते आतले स्फटिक. वर्कशॉपात आम्ही सरळ ग्रेनच म्हणतो. टायटॅनियमचा तुकडा नीट पॉलिश करून ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरा. एकाला एक लागून बसलेले बहुकोनी तुकडे दिसतील, शेजारच्या दोघांची छटा वेगळी, कारण त्यांच्यातल्या अणूंच्या रांगांची दिशा वेगळी. मध्ये फट नाही, पोकळी नाही, नुसती एक हद्द.

महालवाला :
मग ‘रवा’ काहून नको? रवाळ तूप म्हणतोच की आपण.

हिंगणा एमआयडीसी :
भाऊ, तुपात रव्यांच्या मधून पातळ तूप असतं. इथे मध्ये काहीच नाही. शिवाय ‘रवा बारीक केला’ म्हटलं की लोक पुन्हा चक्कीवरच जाणार.

शंकरनगर (निवृत्त प्राध्यापक) :
‘स्फटिककण’ लिहा, आणि त्यांच्यामधल्या हद्दीला ‘कणसीमा’. हा दुसरा शब्द लेखात यायलाच हवा, कारण सगळी करामत सीमेची आहे. धातू कायमचा वाकतो तो अणूंच्या रचनेतल्या दोषरेषा सरकल्यामुळे. पुढच्या कणात रांगांची दिशा बदलते, म्हणून कणसीमेपाशी त्या अडतात. कण लहान, तितक्या सीमा जास्त, तितका अडथळा जास्त. १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच यांनी लोखंड-पोलादावरच्या कामातून याचा नियम मांडला : कणांमुळे मिळणारं बळ कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पाव मायक्रॉनवर आणला, तर बळातला तेवढा हिस्सा दहापट. एकूण बळ दहापट नव्हे, हे मात्र लेखकाला बजावून सांगा.

धंतोलीकर :
हे झकास झालं, सर. आता ‘विरूपण’?

शंकरनगर :
शास्त्रीय मराठीत तो रुळलेला शब्द आहे, ठेवा. बोर्डाच्या पुस्तकात स्ट्रेनला ‘विकृती’ म्हणतात, त्यापेक्षा हा पुष्कळ बरा! अडचण वेगळीच आहे. वाचकाला वाटतं, विरूपण म्हणजे रूप बिघडलं. इथे तर बाहेरचं रूप तसंच राहतं.

हिंगणा एमआयडीसी :
हाव, आणि हीच तर युक्ती आहे. रोलिंगमध्ये पत्रा दर फेरीला पातळ होतो, मग एका हद्दीपलीकडे काय दाबणार? म्हणून सोव्हिएत काळात मिन्स्कला सेगल या संशोधकाने वेगळी डाय, म्हणजे साचा, काढली : आत सारख्या मापाची दोन भोकं, कोनात एकमेकांना मिळालेली. सळई वरून दाबायची, ती वळणावर आतल्या आत कातरली जाते आणि त्याच जाडीची बाहेर येते. म्हणून पुन्हा घाला, फिरवून घाला, कितीदाही. टायटॅनियम मात्र हट्टी. त्याची षट्कोनी रचना थंडपणी फार दिशांनी सरकू देत नाही, काटकोनी डायमध्ये तडे जातात. त्यामुळे बहुधा ४००-४५० अंश सेल्सिअसला दाबतात. त्याहून फार तापवलं तर कण पुन्हा वाढतात आणि केलेली मेहनत पाण्यात.

महालवाला :
‘मर्दन’ म्हटलं तर?

शंकरनगर :
रसशास्त्रात मर्दन खलात होतं, हाती पूडच येते. नको.

सिव्हिल लाइन्स (डेंटिस्ट) :
‘सामर्थ्य’ ठीक, पण त्याच परिच्छेदात कठिनता, चिवटपणा यांची सरमिसळ होऊ देऊ नका. शुद्ध टायटॅनियमच्या ग्रेड ४ चं ताणसामर्थ्य, म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत तो किती ताण सोसतो ते, साधारण ७०० मेगापास्कल. असं दाबून आणि मग ओढून केलेल्या सळईचं १२०० च्या वर गेलेलं आहे. ॲल्युमिनियम-व्हॅनेडियमच्या मिश्रधातूचं ९००-९५०. म्हणजे ते दोन धातू शरीरात न घालताही बारीक स्क्रू पुरेसा मजबूत करता येतो, आम्हाला यात रस तो यासाठी. पण तन्यता घटते, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जायची क्षमता कमी होते. नुसतं ‘मजबूत’ लिहिलं की हे झाकलं जातं.

धंतोलीकर :
आता असं केलंय : ‘सळईचा बाहेरचा आकार न बदलता तिचे वारंवार तीव्र विरूपण केले जाते. त्यामुळे आतील स्फटिककण अतिशय लहान होतात, कणसीमा वाढतात आणि नॅनो टायटॅनियमचे ताणसामर्थ्य वाढते. तन्यता मात्र काहीशी घटते.’

हिंगणा एमआयडीसी :
बाकी फक्कड. फक्त ‘नॅनो’ तपासून घ्या. काटेकोर अर्थाने १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) खालच्या कणांना नॅनो म्हणतात, आणि डायमधून निघालेले कण बहुतेकदा २००-३०० चे असतात. ते साध्या सूक्ष्मदर्शकात सुटे दिसतही नाहीत, इलेक्ट्रॉनवाला लागतो. लेखकाने कणाचा आकार दिला असेल तो बघा. शंभराच्या वर असेल तर ‘अतिसूक्ष्मकणी टायटॅनियम’ लिहा.