द्राक्षबागेत मुक्काम : कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, आपल्याकडं ऊस आणि गुऱ्हाळं. द्राक्षाची गर्दी बघायची तर सांगली-तासगावकडं जायचं, नाहीतर थेट नाशिक. बागेत किंवा वायनरीच्या आवारात तंबू ठोकून रात्र काढली असेल तर इथं लिहा. हॉटेलच्या खोलीतले अनुभव नकोत. महिना तेवढा आवर्जून सांगा, छाटणी कधी झाली त्यावर तिथलं सगळं ठरतं.

राजारामपुरीतून :
तासगाव तालुक्यात मामेसासऱ्यांची बाग, डिसेंबर महिना. आम्हाला ओळींच्या मधोमध तंबू लावायचा होता. मामांनी हातच जोडले. "पाव्हणं, खाली ठिबकच्या नळ्या, वर तारा, आन् पहाटं फवारणीचा ब्लोअर फिरतोय. शेततळ्याकडं लावा." लावला. पहाटे तंबू दवानं निथळत होता. मामांनी आमची चौकशी नंतर केली, आधी तंबूवर हात फिरवला आणि तडक पानं उलटून बघायला गेले. ऑक्टोबर छाटणीनंतर पानं ओली राहिली की डावण्याची, म्हणजे पानांवरच्या बुरशीरोगाची धास्ती. चहा उकळेपर्यंत ट्रॅक्टर सुरू! आम्ही कप घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेला पळालो.

कागलहून :
नाशिकला एका ठिकाणी तंबू म्हणून गेलो, आत एसी, गालिचा आन् टीव्ही. बाग कुंपणापलीकडं. भावा, ह्यापेक्षा पंचगंगेच्या घाटावर झोपलो असतो.

रंकाळ्याजवळून :
आमचा मुक्काम नाशिकजवळच्या एका छोट्या वायनरीच्या आवारात होता, फेब्रुवारीत. रात्रभर चिलरची, म्हणजे टाक्या गार ठेवणाऱ्या यंत्राची घरघर. पांढऱ्या वाईनचा रस थंड ठेवून हळूहळू आंबवतात, त्यामुळं ते यंत्र थांबतच नाही. झोपायला तंबू टाक्यांपासून लांब हवा, हे कुणी आधी सांगत नाही.

अंधारातच माणसं कपाळाला दिवे बांधून शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या ओळीत शिरली. उन्हात तोडलेली द्राक्षं टाकीपर्यंत पोचताना तापतात, रस काळवंडतो आणि नको तिथंच आंबायला लागतो. म्हणून गारव्यात तोडणी. आम्हालाही एक क्रेट दिला. मणी खाऊन बघितला : लहान, आत बिया, आणि गोडी आपल्या खायच्या थॉम्पसन द्राक्षापेक्षा जास्त! वाईनची द्राक्षं म्हणजे आंबट, हा माझा समज तिथंच गेला. ही गोडीच पुढं अल्कोहोल होते.

लाल वाईनच्या उघड्या टाकीत वाकून वास घ्यायला मात्र त्यांनी साफ मनाई केली. आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तोंडाशी साचतो. माणूस चक्कर येऊन आत पडू शकतो.

रात्री चुलीवर तांबडा रस्सा केला होता. सोबत शेनिन, किंचित गोडसर. माझ्या मते तिखटाला हीच बरी. शिराझ ही लाल वाईन घेतली तर जीभ आणखी पेटते. (पांढऱ्या रश्श्याबद्दल वाद घालायला मी तयार आहे.)

गडहिंग्लजहून :
मार्चमध्ये तासगावकडच्या बेदाणा शेडजवळ राहिलो. चार किलो द्राक्षांतून साधारण एक किलो बेदाणा निघतो, हे जाळ्यांवरचे ढीग बघितल्यावर पटतं. पण रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि वारा नेमका आमच्याकडं वळला. खोकत खोकत तंबू उचलून रस्त्याकडेला आणला. दमेकऱ्यांनी तिकडं मुक्काम करू नये.

इचलकरंजीहून :
मी कृषी पदवीधर, म्हणून एक गंभीर गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांवर डोळे (कोंब) फुटायला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, त्यालाच पेस्टिंग म्हणतात. ते अंगात गेलं असेल आणि वर दारू किंवा वाईन घेतली तर चेहरा लाल, धडधड, चक्कर. पेस्टिंग चालू असेल त्या दिवसांत बागेत मुक्कामच नको, मुलांना घेऊन तर मुळीच नाही. मालकाला "शेवटची फवारणी कधी?" असं सरळ विचारा. राग येत नाही कुणाला.

राजारामपुरीतून पुन्हा :
एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (घड काढून झाल्यावरची मोठी छाटणी) कुणी राहिलंय का? मामा म्हणतात तेव्हा या, कामं कमी असतात.

कागलहून :
कामं कमी, सावली त्याहून कमी! नुसतं खोड आन् ओलांडे (तारेवरच्या जाड फांद्या) राहतात, पाव्हणं. जानेवारी-फेब्रुवारी धरा, घड खाऊनच परता.