रोज साडेसातला टेरेसवर कोण वाजवतं?

सोसायटी कट्टा, कोथरूड
(देखभाल, पार्किंग, पाणी यांसाठी दुसरा ग्रुप आहे)

मंगळवार

ए ३०४ वहिनी: रोज संध्याकाळी साडेसातला टेरेसवर गिटार कोण वाजवतं? तक्रार नाही हं. एकच सुरावट परत परत येते आणि शेवटाला आली की तुटते. पोळ्या लाटता लाटता मी पुढच्या सुराची वाट बघत थांबते.

डी ५०१ ताई: आमचा मुलगा. दहावीनंतरच्या सुट्टीत सुरू केलंय. त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा, खाली क्लब हाऊसमध्ये बसवते.

सी ६०२ काका: ताई, खाली अजिबात पाठवू नका. तो काय वाजवतोय हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचं ‘सुलतान्स ऑफ स्विंग’, त्यांचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरचा शेवटचा सोलो, म्हणजे नुसत्या गिटारीचा भाग. वहिनी म्हणतात ती तुटणारी जागा म्हणजे सोलोच्या शेवटच्या भरभर पडणाऱ्या सुरांचा तुकडा. तिथे भले भले अडकतात.

डी ५०१ ताई: अय्या, तुम्हाला कसं कळलं? त्याच्या खोलीत त्याच माणसाचा फोटो लावलाय. काका, आता विषय निघालाच आहे तर विचारते. पोरगा डावरा आहे. गिटार मात्र साधी, उजव्यांची घेतली. शिवाय तो पिक, म्हणजे तार छेडायची ती छोटी चकती, न वापरता नुसत्या बोटांनी वाजवतो. क्लासच्या सरांनी सांगितलंय की ही वाईट सवय आहे, आत्ताच मोडा. दोन दिवस घरात रडारड चाललीये.

सी ६०२ काका: थांबा. जेवून सविस्तर लिहितो.

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांना सूचना. गुरुवारी दिवसभर पाणी बंद, शुक्रवारी सकाळी कमी दाबाने. भरून ठेवा.

ए ३०४ वहिनी: सेक्रेटरी काका, हे त्या ग्रुपवर 🙏

सी ६०२ काका: ताई, नीट वाचा आणि मुलालाही वाचून दाखवा. नॉफ्लर स्वतः डावरा आहे आणि आयुष्यभर साधी, उजव्यांची गिटार वाजवत आला. आपला सचिन नाही का, लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग उजव्या. तसंच. उजव्यांच्या गिटारीत डावा हात पट्ट्यांवर असतो, तारा दाबायला, ओढायला, सूर हलवायला. म्हणजे याचा जोराचा, सवयीचा हात नेमका तिथे आला. त्याच्या सुरात जो कंप आहे, आपल्याकडे ज्याला आंदोलन म्हणतो तसा, तो त्या हातातून येतो असं मला ऐकताना कायम वाटतं.

आता पिक. नॉफ्लर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो ती अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावर. उरलेली दोन बोटं गिटारीच्या अंगावर टेकलेली. रॉकमध्ये पिकने वाजवणारेच जास्त, म्हणून त्याचा आवाज हजारांत ओळखू येतो. पिकचा टणत्कार नाही. बोटाच्या मांसाचा सूर आहे. कधी हळूच कुरवाळल्यासारखा, कधी तार उपटून सोडल्यासारखा, आणि हे दोन्ही एकाच ओळीत. सरांकडे पिकनेही शिकू दे, दोन्ही येणं चांगलंच. पण बोटांची सवय मोडू नका हो. हात जोडून सांगतो.

डी ५०१ ताई: काका, त्याने हे तीनदा वाचलं. आत्ता पहिल्यांदा हसला.

ए ११०३ दादा: काका, मनापासून पटलं. पण लाइव्हचं म्हणाल तर माझ्यासाठी पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर. २०१६ च्या जुलैमध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या त्या प्राचीन रंगमंचावर वाजवलं त्याने. ज्वालामुखीने गाव गाडलं इसवी सन ७९ मध्ये, त्यानंतर तिथे पहिल्यांदा प्रेक्षक बसले. त्याचा एक सूर ओढलेला ऐकला की पोटात खड्डा पडतो.

सी ६०२ काका: गिल्मोरला माझा नमस्कारच आहे. तो सूर लांबवतो आणि त्यात आभाळ उभं करतो. नॉफ्लर बोलतो. गप्पा मारताना माणूस थांबतो, एखादा शब्द गिळतो, मग भडाभडा बोलतो, तसं त्याचं वाजवणं. गाण्याची एक ओळ म्हणायची आणि लगेच गिटारीने तिला उत्तर द्यायचं. आपल्याकडे गायकाला सारंगीची साथ असते, तसा हा गायकही स्वतः आणि साथीदारही स्वतःच.

बी २०४ काकू: मी सगळं वाचतेय. गिटारीला सारंगीच्या पंक्तीत बसवलंत ते जरा घाईने झालं, भाऊ. सारंगीवर गज फिरतो, सूर तुटत नाही. गिटारीची तार छेडली की सूर लगेच विझायला लागतो. चाळीस वर्षं पेटी शिकवली आहे, एवढं कानाला कळतं.

सी ६०२ काका: काकू, मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यावरची त्याची युक्ती ऐका. पायाखाली आवाज कमीजास्त करायचं पेडल. तार छेडताना आवाज बंद, लगेच पायाने हळूहळू वर. छेडल्याचा आघात कानावर पडतच नाही, सूर आतून उमलत येतो. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या गाण्याची सुरुवात ऐका. आज रात्री, दिवा बंद करून.

बुधवार

बी २०४ काकू: ऐकलं. दोनदा. सुरुवातीचा सूर खरंच गजाचा वाटतो, मान्य. दोन सुरांच्या मधली जागा रिकामी ठेवायची हिंमत आहे त्या माणसात, ती मला जास्त आवडली. ढोल मागे जरा दणदणतात.

ए ३०४ वहिनी: काकू 😊

डी ५०१ ताई: काका, मुलगा विचारतोय, तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय का?

सी ६०२ काका: ऐकलंय. हे लिहायला मला हातात वेळ हवा होता, म्हणून काल टाळलं.

१९८६ साल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर आमच्या मजल्यावर एकाकडे टेपरेकॉर्डर होता. त्याच्या मामाने परदेशातून ‘अल्केमी’ आणलं. म्हणजे १९८३ च्या जुलैमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला झालेल्या मैफलीचं रेकॉर्डिंग. मी टीडीकेच्या दोन कोऱ्या कॅसेटवर ते उतरवून घेतलं. तोवर ‘सुलतान्स’ मला मूळ रेकॉर्डवरचं माहीत होतं, पावणेसहा मिनिटांचं. अल्केमीवर तेच गाणं जवळजवळ अकरा मिनिटं चालतं. पहिल्यांदा वाटलं, लोकांना खूश करायला लांबवलंय. दहाव्यांदा ऐकताना लक्षात आलं की हा बढत करतोय. तीच चीज, तेच बोल. पण मधे सगळे वादक खाली येतात, अगदी कुजबुजीवर, आणि मग तो एकेक पायरी चढत वर जातो. टेरी विल्यम्स ड्रम्सवर त्याला ढकलत नेतो. ती शेवटची तान येते तेव्हा सभागृह आधीच उभं असतं.

बी २०४ काकू: रमणबागेत सवाईच्या शेवटच्या पहाटे भीमसेनजी बसले की असं व्हायचं. लोक घोंगड्या बाजूला टाकून सरसावून बसायचे.

सी ६०२ काका: काकू, अगदी तेच. म्हणून तर मी त्याच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डपेक्षा मैफली जास्त ऐकल्या. रेकॉर्डवरचं गाणं त्याच्यासाठी संपलेलं नसतं. दर दौऱ्यात तेच गाणं वेगळ्या वाटेने नेतो.

ए ११०३ दादा: लाइव्ह एडचा, त्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीच्या मैफलीचा किस्सा पण सांगा.

सी ६०२ काका: तूच सांग, तुझ्या पिढीलाही माहीत आहे हे बघून बरं वाटलं.

ए ११०३ दादा: १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ले स्टेडियम. अख्खं जग टीव्हीवर बघतंय. डायर स्ट्रेट्स आले, गायक स्टिंगला सोबत घेऊन ‘मनी फॉर नथिंग’ वाजवलं, मग ‘सुलतान्स’. झाल्यावर निघाले शेजारच्या वेम्ब्ले अरीनाला, कारण त्या संध्याकाळी त्यांचा स्वतःचा कार्यक्रम तिथे लागला होता! आणि तो केला.

सी ६०२ काका: आणि १९८८ च्या जूनमध्ये त्याच वेम्ब्ले स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम. त्यात नॉफ्लरच्या बाजूला दुसरी गिटार वाजवायला कोण, तर एरिक क्लॅप्टन, स्वतःच नामवंत गिटारवादक. क्लॅप्टनसारखा माणूस साथीला उभा राहतो आणि मजेत राहतो. एवढी एकच गोष्ट मला पुरते.

आता मुंबई. २००३ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये नॉफ्लरचा मोटरसायकलवर अपघात झाला. कॉलरबोन मोडलं, बरगड्या मोडल्या. कित्येक महिने गिटार नीट धरता येत नव्हती. दौरा रद्द झाला. मी बायकोला म्हणालो, संपलं, आता हे आपल्या नशिबात नाही. आणि २००५ च्या मार्चमध्ये तो मुंबईत आला! तिकीट हातात आलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसलो होतो. उठवेना.

डेक्कन क्वीनने गेलो, दुपारपासून रांगेत. उन्हाने डोकं तापलं होतं. मैदानात माझ्या शेजारी नाशिकहून आलेले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. सगळा वेळ एक शब्द बोलले नाहीत. ‘सुलतान्स’चे पहिले दोन सूर वाजले आणि त्यांचा उजवा हात छातीवर गेला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. शर्टाच्या बटणांवर ते अख्खं गाणं वाजवत होते, डोळे मिटून, एकही सूर न चुकता. मी एक नजर मंचावर आणि एक त्यांच्या बोटांवर ठेवून ऐकलं. नॉफ्लर तिकडे साधा उभा. उड्या नाहीत, गिटार डोक्यामागे नेणं नाही, चेहऱ्यावर आविर्भाव नाही. काही करत असेल तर बोटं. आणि एवढं मोठं मैदान त्या तीन बोटांकडे बघत होतं.

रात्री दादरहून एसटी पकडली. स्वारगेटला पहाटे उतरलो, रिक्षा न करता चालत घरी आलो. कुणाशी बोलायचं नव्हतं.

ए ३०४ वहिनी: काका, वाचताना अंगावर काटा आला.

डी ५०१ ताई: यांना पण वाचून दाखवलं. सगळे गप्प बसलेत.

ए ११०३ दादा: मी मागच्या वर्षी, म्हणजे मे २०२५ ला, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गिटारवादक स्लॅशला ऐकायला गेलो होतो, त्याच्या गन्स एन रोझेस बँडबरोबर. मी आणि मित्र सोलो सुरू झाल्यावर मोबाइल खिशात टाकले. आठवणीत ठेवायचं होतं. आज तुमचं वाचून वाटतं, बरोबर केलं.

डी ५०१ ताई: काका, अजून एक. आता अ‍ॅम्प्लिफायरसाठी हट्ट आहे. बजेट गिटारीतच संपलं. तो म्हणतो घरच्या जुन्या म्युझिक सिस्टिमला जोडतो.

सी ६०२ काका: जोडू देऊ नका! लहानपणी नॉफ्लरने हेच केलं होतं. त्याला लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर हवी होती, ती परवडणारी नव्हती. वडिलांनी सुमारे पन्नास पौंडांची हॉफ्नर घेऊन दिली. आता वर अ‍ॅम्प्लिफायर कसा मागायचा, म्हणून त्याने गिटार घरच्या रेडिओला जोडली आणि रेडिओ उडाला. सध्या हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प मिळतो, गिटारीतच खोचायचा. त्यावर दोन वर्षं काढता येतील. आणि टेरेसवर तसाच, विजेशिवाय वाजवू दे. आम्हाला ऐकू येतं.

गुरुवार

सेक्रेटरी काका: हे या ग्रुपवर चालेल ना? शनिवारी क्लब हाऊस रिकामं आहे. प्रोजेक्टर गणपतीसाठी घेतलेला कपाटात पडून आहे. अल्केमीचा व्हिडिओ लावायचा का? दहापर्यंत आटपलं पाहिजे, त्यानंतर आवाज नको.

ए ११०३ दादा: सेक्रेटरी काका 🙏🙏 स्पीकर माझे.

सी ६०२ काका: सातला सुरू करू, नऊच्या आत संपेल. सगळ्यांना एकच सांगणं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ला त्याच्या हातात वेगळं वाद्य बघाल, आरशासारखं चकाकणारं. ती नॅशनल कंपनीची १९३७ ची गिटार, पितळेच्या अंगावर निकेलचा मुलामा. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ अल्बमच्या कव्हरवर आभाळात तरंगते ती हीच. त्या वेळी कृपया चहा वाटू नका. तिचा सूर पत्र्यावर पावसाचा पहिला थेंब पडावा तसा आहे, कपांच्या आवाजात हरवतो.

बी २०४ काकू: मी येणार. मला पुढे खुर्ची ठेवा, खाली बसवत नाही. बोटं दिसली पाहिजेत. आणि भाऊ, हा माणूस अजून वाजवतो का?

सी ६०२ काका: रेकॉर्ड करतो. मोठा दौरा शेवटचा २०१९ मध्ये झाला, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला संपला. जानेवारी २०२४ मध्ये त्याने स्वतःच्या १२० हून जास्त गिटारी आणि अ‍ॅम्प लंडनला लिलावात काढले. ८८ लाख पौंडांच्या वर आले, त्यातला चौथा हिस्सा सेवाभावी संस्थांना दिला. मला त्या रात्री झोप लागली नाही. पण नंतर वाटलं, वाद्यं कपाटात ठेवण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात गेली.

बी २०४ काकू: माझी पेटी मी विद्यार्थिनीला दिली तेव्हा मलाही झोप लागली नव्हती.

डी ५०१ ताई: काका, मी आईच्या फोनवरून लिहितोय, मी मुलगा. शेवटचा जो भरभर तुकडा आहे ना, त्यात तिसऱ्या सुराला माझं बोट उशिरा पोचतं. ते अंगठ्याने दोनदा मारतात की मधल्या बोटाने? व्हिडिओत कळत नाही.

सी ६०२ काका: बाळा, मला गिटार वाजवता येत नाही. मी चाळीस वर्षं फक्त ऐकलंय. पण शनिवारी मोठ्या पडद्यावर ती जागा आली की सेक्रेटरी काकांना थांबवायला सांगू. एकेक फ्रेम पुढे सरकवू. तू गिटार घेऊन पुढे बस, काकूंच्या शेजारी.

सेक्रेटरी काका: रिमोटची बॅटरी गेली आहे. उद्या आणतो.