एल्डन रिंग नव्याने शिकताना: आधी रोल की आधी तयारी?

वेताळटेकडी

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, जून २०२४ मध्ये त्याचं 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हे एक्स्पान्शन आलं, आणि नवे लोक अजून येतच आहेत. मार्गिट या पहिल्या मोठ्या बॉसपाशी (तगड्या शत्रूपाशी) अडकलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: स्पिरिट (तुमच्या बाजूने लढणारे आत्मे) बोलाव, लेव्हल वाढव, पुढे सरक. मला हे पटत नाही. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला मार्गिट पडेपर्यंत नवख्याने स्पिरिट अ‍ॅशेसना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सांगतो. हा गेम चुकवण्यावर उभा आहे. रोलमध्ये, म्हणजे वार चुकवायच्या कोलांटीत, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असा असतो की वार अंगातून आरपार जातो आणि काही होत नाही. हा क्षण पकडणं म्हणजेच रोल येणं. नवखा माणूस वार दिसला की लगेच रोल करतो, आणि मार्गिट नेमकं त्यावरच मारतो. तो काठी वर नेतो, तशीच धरून ठेवतो, आणि तुमचा रोल संपून तुम्ही उभे राहताना खाली आणतो. काठी वर जाताना काही करायचं नाही, ती खाली यायला लागली की करायचं. रोलसुद्धा मागे नको, त्याच्या अंगावर, काखेखालून. मागे गेलात तर काठीचं टोक गाठतंच.

आता यात स्पिरिट म्हणून तीन लांडगे सोडले तर काय होतं? मार्गिट लांडग्यांकडे वळतो, तुम्ही पाठीमागून हाणता, आणि मग तो मध्येच तुमच्याकडे फिरतो. त्या वाराची सुरुवात तुम्ही पाहिलेलीच नसते. बॉस पडतो, पण शिकायला काही मिळत नाही.

रानवाट

पूर्ण असहमत. तुम्ही 'चुकवणं' हाच गेमचा गाभा धरलाय. तयारी हाही तितकाच गाभा आहे, आणि नवख्याला ती कुणी शिकवत नाही.

मार्गिटपाशी अडकलेल्यांचं कॅरेक्टर बघा. व्हिगर (रक्त किती ते ठरवणारा गुण) १० ते १२, शस्त्र +० (न सुधारलेलं), फ्लास्क (रक्त भरणारी बाटली) सुरुवातीचाच. व्हिगर १० ला रक्त ४१४. दोन वारांत मरणारा माणूस टायमिंग शिकणार कधी? दर वेळी बॉसचे पहिले दहा सेकंदच बघायला मिळतात. व्हिगर २५ ला रक्त ८०० होतं, म्हणजे तीन चुका पचतात, आणि शिकणं त्या चुकांमध्येच आहे.

रस्ता असा. चर्च ऑफ एलेहपासून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात उतरा. तिथल्या तीन चर्चमध्ये एकेक सेक्रेड टिअर (फ्लास्कची ताकद वाढवणारी वस्तू) आहे. लाल फ्लास्क सुरुवातीला २५० रक्त भरतो, तीन टिअरनंतर ५०५. घोट तेवढेच, पण प्रत्येक घोट दुप्पट. चौथा टिअर लिमग्रेव्ह या सुरुवातीच्याच प्रदेशातल्या थर्ड चर्च ऑफ मारिकामध्ये आहे, तिथेच फिजिकची (हवे ते गुण मिसळून प्यायच्या औषधाची) बाटलीही मिळते. पेनिन्सुलाच्या दक्षिण टोकाला मोर्न किल्ला आहे, तिथल्या पेटीत क्लेमोर ही मोठी तलवार. तिला स्ट्रेंग्थ १६ लागते, पण दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, म्हणून ११ पुरते.

मग लिमग्रेव्ह टनेल्समध्ये जाऊन स्मिदिंग स्टोन १ (शस्त्र सुधारायचे दगड) गोळा करा. +१ ला २, +२ ला ४, +३ ला ६, असे १२ दगड. चर्च ऑफ एलेहच्या छोट्या ऐरणीवर +३ पर्यंत काम होतं, पुढे राउंडटेबल होल्ड या तळावरचा ह्यूग लोहार. सुरुवातीला स्ट्रेंग्थ-डेक्सचे (ताकद-चपळाईचे) चार पॉइंट वाढवून जेवढं डॅमेज मिळत नाही, त्याहून जास्त या १२ दगडांनी मिळतं. हे गेम कुठेच मोठ्याने सांगत नाही.

ढालाईत

दोघांनीही ढालीचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. व्हॅगाबाँड या प्रकारचं कॅरेक्टर निवडलं तर पहिल्या मिनिटापासून हीटर शील्ड मिळते. साध्या शस्त्राचा वार ती शंभर टक्के अडवते. रक्त जात नाही, फक्त स्टॅमिना (दम) जातो. वार ढालीवर आदळला की लगेच हेवी अटॅक दाबायचा: गार्ड काउंटर. तो जोरात बसतो आणि शत्रूचा तोलही झपाट्याने खातो. असे काही बसले की शत्रू गुडघ्यावर येतो, मग समोर जाऊन साधा अटॅक दाबला की क्रिटिकल, म्हणजे खूप मोठा वार.

नवख्याने रोलआधी हे शिकावं. ढालीमागे उभं राहून वारांची लय बघता येते: किती वार सलग येतात, कुठे थांबतो. रोलने जो शिकतो त्याला हीच माहिती मरून मरून मिळवावी लागते.

वेताळटेकडी

@रानवाट, टिअर आणि दगडांचं मान्य. तीही शिकण्याचीच गोष्ट आहे आणि माझ्या मूळ मतात ती यायला हवी. पण व्हिगर २५ घेऊनही जो घाबरून रोल दाबतो तो मरणारच, फक्त थोडा उशिरा.

@ढालाईत, ढाल वर धरून ठेवली की स्टॅमिना हळू भरतो, हे तुम्ही सोडलंत. नवखा ती सतत वर धरतो. मार्गिटच्या सलग वारांत स्टॅमिना संपतो, ढाल फुटते, आणि पुढचा वार उघड्या छातीवर. ढाल वापरायची तर वाराच्या क्षणापुरती उचला, मध्ये खाली घ्या. म्हणजे पुन्हा टायमिंगच आलं की नाही?

आणि रोलबद्दल एक गोष्ट जी जवळजवळ कुणी सांगत नाही. रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो. तेच बटण धरून ठेवलं की धावणं आहे, त्यामुळे तुम्ही धरताय की टिचकी मारताय हे कळेपर्यंत गेम थांबतो. घाबरलेला माणूस बटण घट्ट दाबतो, कॅरेक्टर उशिरा हलतं, आणि दोष कंट्रोलरला जातो. अंगठा हलका ठेवा, टिचकी मारा. दुसरं, बटण दोनदा दाबलं तर दुसरा रोल रांगेत लागतो आणि पहिला संपताच आपोआप होतो. मार्गिटची थांबलेली काठी बरोबर त्या दुसऱ्या रोलवर पडते. एक वार, एक टिचकी. याचा सराव लिमग्रेव्हमधल्या साध्या सैनिकांवर करा, मार्गिटवर नको.

निळीशाई

जादू करणाऱ्यांना या धाग्यात जागा आहे का? अ‍ॅस्ट्रॉलॉजर (जादूगार) निवडला म्हणजे काही शिकायचं नाही, असा सूर दिसतोय. तो चुकीचा आहे. ग्लिंटस्टोन पेबल ही साधी जादू फेकायलाही वेळ लागतो, तेवढा वेळ तुम्ही जागेवर असता. अंतर, सुरक्षित क्षण आणि एफपीचा (जादूला लागणाऱ्या शक्तीचा) हिशेब हेच शिकावं लागतं. व्हिगर ९ ने सुरुवात होते, म्हणजे चुकीला माफी तलवारवाल्यापेक्षा कमी.

आणि फ्लास्क! लांब पळून फ्लास्क प्यावा ही सवय इथे मारते. मार्गिट लांबून खंजीर फेकतो, आणि तुम्ही पिताय हीच त्याची संधी. त्याचा मोठा वार पूर्ण संपला, काठी जमिनीला टेकली, की त्या वेळी प्यायचं, जवळ असलात तरी.

रानवाट

@निळीशाई, फ्लास्कचं एकदम बरोबर.

@वेताळटेकडी, स्पिरिटवर परत येतो. चर्च ऑफ एलेहमध्ये रात्री रेन्ना ही चेटकीण भेटते, स्पिरिट बोलवायची घंटा आणि त्या तीन लांडग्यांच्या लोन वुल्फ अ‍ॅशेस देते. गेम बनवणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच चर्चमध्ये, फुकट, मार्गिटच्या कितीतरी आधी ठेवली आहे. ती शिकायची गोष्ट नाही असं म्हणायला आधार काय? स्पिरिट बोलावल्याने बॉसचं रक्त वाढत नाही, ऑनलाइन मदतीला दुसरा खेळाडू बोलावला तर वाढतं. स्पिरिटनेही शिकता येतं: पहिलं मिनिट मार्गिट लांडग्यांना कसा मारतो ते फक्त लांबून बघा, हल्ला करूच नका. सगळी हालचाल न मरता दिसते.

ढालाईत

रानवाट यांचा हा शेवटचा मुद्दा मला पटला. शिवाय एक साधी गोष्ट तपासा, यावर तर कुणाचा वाद नसावा: वजन. क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलात की रोल जड होतो, धप्पकन आपटल्यासारखा. नवीन चिलखत किंवा दुसरं शस्त्र चढवलं की हे नकळत होतं आणि लोक टायमिंगला दोष देतात. इक्विपमेंटच्या पडद्यावर 'मीडियम लोड' दिसतंय का बघा. दिसत नसेल तर न वापरलेलं शस्त्र काढा, मग हेल्मेट.

वेताळटेकडी

वजनावर वाद नाही.

स्पिरिटबद्दल माझं मत थोडं बदलून मांडतो, पण सोडत नाही. लांबून बघण्यासाठी लांडगे सोडा, चालेल. एकदा वार ओळखू आले की घंटा बाजूला ठेवा आणि एकट्याने उतरा. मर्कवॉटर गुहेतल्या पॅचेस या विक्रेत्याकडून ५००० रूनला (गेममधलं चलन) मार्गिटची बेडी मिळते, ती त्याला सुरुवातीच्या टप्प्यात दोनदा जखडते. माझा तिलाही विरोध आहे, त्याच कारणाने. पुढे गॉड्रिक या बॉसपाशी ती बेडी नाही. रोल आहे.

रानवाट

गॉड्रिकपाशी बेडी नाही, पण स्पिरिट आहेत, आणि +३ ची तलवारही बरोबर आहे. मी नवख्याला हेच सांगत राहीन: आधी दक्षिणेला जा.