जुन्या मोटारसायकलच्या क्लच कव्हरमधून तेलगळती : मूळ कुठे आहे हे कसे ठरवावे?

माझी मोटारसायकल एक सिलिंडरची, जुन्या धाटणीची आहे. तिचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा आहे, इंजिनाचे तेल बाहेरच्या टाकीत असते आणि डाव्या बाजूच्या पत्र्याच्या कव्हरमध्ये प्रायमरी चेन (इंजिनाची शक्ती क्लचपर्यंत नेणारी साखळी) व क्लच तेलात फिरतात. गाडी उभी असताना या कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा थेंब जमतो, लांबतो आणि गळतो. इंजिन तापल्यावर चढावर, टॉप गिअरमध्ये थ्रॉटल वाढवला, तर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, क्लच घसरतो.

गॅस्केट नवीन घातले आहे. स्क्रू फार आवळले की पातळ पत्रा स्क्रूभोवती दबतो आणि दोन स्क्रूंच्या मधे उचलला जातो, म्हणून कड सपाट करून मगच कव्हर बसवले. तरीही गळती थांबली नाही. गाडी काही दिवस उभी राहिल्यावर या कव्हरचा लेव्हल प्लग (तेलाची योग्य पातळी दाखवणारे बूच) उघडला, तेव्हा मी ओतले होते त्याहून बरेच जास्त तेल बाहेर आले. त्यामुळे दोष कव्हरचा नसून आत दुसरीकडून तेल येत आहे आणि पातळी वाढल्यामुळे ते कडेने बाहेर पडते, असे माझे मत झाले आहे.

वाटा मला दोन दिसतात. एक, क्रँकशाफ्टचे डावीकडचे ऑइल सील. दुसरी, गिअरबॉक्सच्या पोकळ मेनशाफ्टमधून, पुशरॉडच्या (क्लच सोडवणाऱ्या दांड्याच्या) बाजूने. पहिलीवर संशय अधिक आहे, कारण गाडी उभी राहिली की तेलाच्या टाकीतील पातळी उतरते आणि त्यानंतर सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. टाकीतील तेल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचात) उतरत असावे, आणि तेथे साचले की सीलमधून कव्हरमध्ये शिरत असावे. गिअरबॉक्समध्येही सध्या इंजिनाचेच तेल असल्यामुळे वास किंवा रंग पाहून फरक कळत नाही. गिअरबॉक्समध्ये गंधकाचा उग्र वास असलेले गिअर ऑइल घालून कव्हरमधील तेलाला तोच वास येतो का, हे पाहावे असे मनात आहे. मात्र आतील बुश पितळी जातीचे असल्याने गिअर ऑइलच्या जीएल-५ दर्जाऐवजी पितळेला सौम्य असा जीएल-४ दर्जा घेणेच सुरक्षित वाटते.

टाकीच्या नळीत तोटी बसवावी, असे अनेकजण सुचवतात. मला ते पटत नाही; एकदा ती उघडायची राहिली, तर इंजिन तेलाविना फिरेल. पंपाच्या झडपेतील गोळी व तिची बैठक नीट करणे हा खरा उपाय असावा.

जाणकारांनी कृपया पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. इंजिन फ्रेममध्ये ठेवून, पुलरने इंजिनाचे स्प्रॉकेट काढून, हे सील बदलता येते का, की क्रँककेस उघडावीच लागते? ते आधी पाहून कसे ओळखावे? क्रँककेसचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबला असल्यास नवे सीलही गळेल का? आणि तेल मुरलेल्या क्लच प्लेटा धुऊन, वाळवून, जासो एमए दर्जाच्या (तेलात चालणाऱ्या क्लचसाठीच्या) तेलात पुन्हा वापराव्यात, की नव्याच घालाव्यात?