मदत हवी आहे: रविवारच्या सभेत काय बोलू?

नमस्कार मंडळी. माझा फ्लॅट पारधी समाजातल्या एका नर्सताईला भाड्याने द्यायचं ठरलंय. पोलीस पडताळणी झाली, डिपॉझिट आलं, पडद्यांसाठी तिने खिडक्यांची मापंही घेतली. आता सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणतात, "पोरगी चांगली असेल हो, पण त्या लोकांचं रेकॉर्ड बघा."

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पालावरच धाड पडते. मग आकडे फुगणारच ना! आणि समजा आकडे खरे धरले, तरी त्यांचा हिशेब हिने का द्यायचा?

काकांना न दुखावता, पण ठामपणे हे कसं मांडू? सोसायटीला असा भाडेकरू नाकारता येतो का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.