मदत हवी आहे: पर्वती उतरताना घड्याळात दिसणारे ठोके खरे मानायचे का?

नमस्कार मंडळी,

बाबा ७२ वर्षांचे. अँजिओप्लास्टी झाल्यापासून मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू आहे. डॉक्टरांच्या परवानगीने रोज सकाळी पर्वती: १०३ पायऱ्या, देवदेवेश्वराला नमस्कार, कट्ट्यावर गप्पा, मग खाली. दिवाळीत ताईने त्यांना स्मार्टवॉच दिलं आणि घरात नवीनच कटकट सुरू झाली. मी बंगळुरूला, त्यामुळे सगळे आकडे माझ्या फोनवर येऊन आदळतात.

चढताना घड्याळ ९०-९५ ठोके दाखवतं आणि उतरताना ११८-१२०! उलट व्हायला हवं ना? खाली आल्या आल्या आई मनगटावर बोटं ठेवून मोजते, तर ८४-८८. ॲपने २२० वजा वय करून, त्याचे ८० टक्के म्हणजे ११८ वर अलार्म लावून टाकलाय. तो वाजला की आईचा फोन मला. बाबा म्हणतात, "हे माझ्यापेक्षा घाबरट आहे." लवकरच कपाटात जाणार ते.

कुठला आकडा धरायचा? ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा घेऊ का? अलार्म कितीवर ठेवू?

आडवाटा:
उतरतानाचे ते ठोके नसून पावलं असावीत. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा उजेड कसा कमीजास्त होतो ते मोजतं. उतरताना प्रत्येक पायरीला हात हिसका खातो, आणि घड्याळ नाडी सोडून तोच ताल पकडतं. मिनिटाला ११८ पावलं सहज पडतात. ॲपमध्ये त्याच वेळचा पावलांचा आलेख उघडून बघा, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर उत्तर मिळालं.

घड्याळाचा पट्टा सैल असेल तर हे हमखास होतं. आपल्या वडिलांच्या पिढीला घड्याळ बांगडीसारखं खुळखुळतं घालायची सवय! मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधायला सांगा. कठड्याला धरून उतरत असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात. मूठ आवळली की स्नायूही गोंधळ घालतात.

आईंचा आकडा जवळचा, पण ठोके थांबल्यावर झपाट्याने उतरतात. थांबताक्षणी १५ सेकंद मोजून चारने गुणा.

कट्टेकरी:
मेटोप्रोलॉलवर २२० वजा वय विसरा. ती गोळी ठोक्यांना वर जाऊच देत नाही. खोट्या अलार्मपेक्षा मला न वाजणाऱ्या अलार्मची जास्त काळजी वाटते. बाबांना खरंच झेपत नसेल तरी ठोके ९५ वरच राहतील आणि घड्याळ "हलका व्यायाम" म्हणून मोकळं होईल.

आमच्या काकांना हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाच्या वर्गात बोर्गची ६ ते २० ची पट्टी शिकवली होती. किती दम लागतोय त्याला आपणच आकडा द्यायचा आणि त्यांना ११ ते १३ च्या आत राहायला सांगितलं होतं. सोपी खूण म्हणजे चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. छातीत दडपण, चक्कर किंवा घाम फुटला तर घड्याळ काहीही म्हणो, थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे. अलार्मचा आकडा टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) बघून डॉक्टरांकडूनच घ्या.

धागाकर्ता:
आडवाटा, आलेख बघितला. उतरतानाच्या रेषा अगदी एकावर एक! बाबांना स्क्रीनशॉट पाठवला, स्वारी खूश. पण छातीचा पट्टा फोनशिवाय चालतो का? पर्वतीवर ते फोन नेत नाहीत.

आडवाटा:
काही पट्ट्यांमध्ये एका फेरीपुरती नोंद साठते. पोलर कंपनीच्या एच१० पट्ट्यामध्ये आहे तशी सोय. फक्त निघताना घरी फोनवरून चालू करावं लागतं. आणि आतली बाजू पाण्याने ओली करूनच बांधायचा. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, कोरड्या त्वचेवर सुरुवातीला काहीही दाखवतो.